जमशेटजी टाटा : पदवीच्या पुढची वाट

सकाळी सहाच्या सुमारास मोशीच्या रस्त्यावर उभे राहून पाहा. पुणे-नाशिक मार्गावरून कंपन्यांच्या बसगाड्या एकामागून एक जात असतात. काही चाकणकडे, काही भोसरी-पिंपरीकडे. त्या गाड्यांत आपलीच मुले बसलेली असतात. कोणी आय.टी.आय. झालेला फिटर, कोणी डिप्लोमा झालेला, कोणी बी.एस्सी., तर कोणी बी.ई. पदवीधर. घरात पगार येऊ लागला म्हणजे आईवडिलांना हायसे वाटते, आणि ते स्वाभाविकच आहे.

परंतु याच घरांत अलीकडे एक नवा प्रश्न उभा राहू लागला आहे. पदवी हाती आलेला मुलगा किंवा मुलगी म्हणते की मला अजून शिकायचे आहे, एम.एस्सी. करायचे आहे, एम.टेक. करायचे आहे, संशोधन करायचे आहे. वडील गप्प होतात. आणखी दोन वर्षे, कदाचित सहा-सात वर्षे! तोवर घर कसे चालायचे? आणि एवढे शिकून पुढे नोकरी मिळेल याची खात्री कोणी द्यायची? ही चिंता खोटी नाही. तिला उडवून लावणे सोपे आहे, उत्तर देणे कठीण आहे.

हाच प्रश्न सव्वाशे वर्षांपूर्वी खुद्द हिंदुस्थानच्या व्हाइसरॉयने एका मनुष्यापुढे ठेवला होता. त्या मनुष्याने उत्तर दिले, पण ते शब्दांनी नव्हे. आपली संपत्ती आणि आयुष्याची शेवटची वर्षे त्याने त्या उत्तरासाठी वेचली. तो मनुष्य म्हणजे जमशेटजी नसरवानजी टाटा. कारखानदार म्हणून त्यांचे नाव आपल्यापैकी प्रत्येकाला ठाऊक आहे. पदवीधर तरुणांची काळजी वाहणारे जमशेटजी मात्र फारसे कोणाला ठाऊक नाहीत. आज त्यांचीच ओळख करून घेऊ.

बालपण आणि शिक्षण

जमशेटजींचा जन्म ३ मार्च १८३९ रोजी नवसारी येथे झाला. घराणे पारशी धर्मगुरूंचे. वडील नसरवानजी यांनी पिढीजात धर्मकार्याची वाट सोडून मुंबईत व्यापार सुरू केला. घरात इंग्रजी शिक्षणाची परंपरा नव्हती, तरीही वडिलांनी मुलाला मुंबईला आणून एल्फिन्स्टन कॉलेजात घातले. १८५८ साली जमशेटजी तेथील परीक्षा उत्तीर्ण झाले. आजच्या भाषेत म्हणायचे तर ते पदवीधर झाले. मुंबई विद्यापीठ स्थापन होऊन तेव्हा जेमतेम एक वर्ष झाले होते, यावरून तो काळ किती आरंभीचा होता हे ध्यानात येईल.

पालकहो, येथे क्षणभर थांबून विचार करा. ज्या बापाने स्वतः कॉलेज पाहिले नव्हते, त्याने मुलाला शिकू दिले. दुकानात एक हात कमी पडला असेल, पण बापाने तो सोसला. पुढे जे घडले त्याचा पाया येथे आहे.

शिक्षण संपल्यावर जमशेटजी वडिलांच्या व्यापारात शिरले. १८५९ साली ते हाँगकाँगला गेले आणि पुढे कापसाच्या व्यापारासाठी लंडनला. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाचे भाव आभाळाला भिडले होते. १८६५ साली युद्ध संपले आणि भाव कोसळले. मुंबईतील कित्येक पेढ्या बुडाल्या, टाटांची पेढीही संकटात आली. पंचविशी ओलांडलेला हा तरुण परक्या शहरात धनकोंसमोर उभा राहिला. त्याने पळ काढला नाही. हिशेबाच्या वह्या त्याने उघड्या करून दाखवल्या. धनकोंचा त्याच्यावर इतका विश्वास बसला की पेढीचे देणेघेणे निकालात काढण्याचे काम त्यांनी त्यालाच महिना वीस पौंड पगारावर सोपवले.

नागपूरची गिरणी : कारखाना हीच शाळा

व्यापार सावरल्यावर जमशेटजींनी उद्योगाकडे लक्ष वळवले. विलायतेत लँकशायरच्या गिरण्या त्यांनी डोळ्यांनी पाहिल्या होत्या. १८७४ साली त्यांनी कंपनी उभी केली आणि गिरणीसाठी जागा निवडली ती मुंबईत नव्हे, तर नागपुरात. कापूस तेथे पिकत होता, वरोऱ्याचा कोळसा जवळ होता, रेल्वे आलेली होती. जागा मात्र दलदलीची. ती भरून काढण्याच्या कामाला पैसे देण्यास तेथल्या एका सावकाराने नकार दिला. हा मनुष्य सोने मातीत गाडतो आहे, असे त्याचे मत पडले. पुढे गिरणी भरभराटीला आली तेव्हा त्याच सावकाराने कबूल केले, की यांनी माती घालून सोने उगवले.

१ जानेवारी १८७७ रोजी एम्प्रेस मिल सुरू झाली. गिरणीचा कारभार जमशेटजींनी बेझनजी मेहता यांच्यावर सोपवला. हे गृहस्थ रेल्वेच्या मालखात्यात अधिकारी होते, कापडाचा धंदा त्यांना ठाऊक नव्हता. पण माणूस हुशार आणि शिकण्यास तयार आहे, एवढे जमशेटजींना पुरेसे वाटले. तांत्रिक बाजू पाहण्यास त्यांनी इंग्लंडहून जाणकार आणला. रिंग फ्रेम हे सूत काढण्याचे नवे यंत्र खुद्द लँकशायरमध्ये फारसे रुळले नव्हते, तेव्हा त्यांनी ते नागपुरात चालवून पाहिले.

आपल्या विषयाच्या दृष्टीने याहून महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. त्या काळी पदवी घेतलेल्या तरुणापुढे वाटा दोनच असत : सरकारी कचेरीतील कारकुनी किंवा वकिली. यंत्राला हात लावणे हे शिकलेल्या माणसाचे काम नव्हे, अशी समजूत होती. जमशेटजींनी शिकलेल्या तरुणांना गिरणीत उमेदवार म्हणून घेतले. शिकत असताना त्यांना वेतन दिले, खात्याखात्यांतून फिरवले आणि तयार झाल्यावर जबाबदारीच्या जागा दिल्या. आज चाकणच्या कारखान्यात पदवीधर प्रशिक्षणार्थी म्हणून आपला मुलगा रुजू होतो, त्याच रीतीचा हा एक जुना नमुना आहे.

विद्यार्थी मित्रांनो, यातून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. पुस्तक शिकलेल्याने शॉप फ्लोअरला कमी लेखू नये. आपल्यापैकी अनेकांच्या घरी लेथवर, गॅरेजमध्ये किंवा वेल्डिंगच्या कामावर आयुष्य काढलेले वडील किंवा काका आहेत. धातू कसा वागतो, यंत्राचा आवाज बदलला म्हणजे काय बिघडले, हे त्यांना हाताने ठाऊक आहे. पदवीधर मुलाने ते ज्ञान विचारून घ्यावे. प्रयोगशाळेत गेल्यावर त्याला त्याची किंमत कळेल.

कर्ज, पण दान नव्हे

उद्योग वाढला तशी जमशेटजींना एक उणीव जाणवू लागली. वरच्या दर्जाचा इंजिनिअर, रसायनशास्त्रज्ञ, डॉक्टर हवा असला की तो परदेशातून आणावा लागे. देशात बुद्धिमान पदवीधर होते, पण पुढच्या शिक्षणाची सोय नव्हती आणि विलायतेला जाण्याइतके पैसे घरी नव्हते.

१८९२ साली त्यांनी एक निधी स्थापन केला. निवडक पदवीधरांना उच्च शिक्षणासाठी परदेशी पाठवावे, ही त्यामागची योजना. आरंभी तो पारशी विद्यार्थ्यांपुरता होता. १८९४ पासून तो सर्व धर्मांच्या आणि जातींच्या हिंदी विद्यार्थ्यांना खुला झाला. आपल्या जमातीपासून आरंभ करावा आणि मग दार सर्वांसाठी उघडावे, हा क्रम शिक्षणसंस्था चालवणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

या निधीचे वैशिष्ट्य असे, की तो पैसा दान म्हणून दिला जात नसे, कर्ज म्हणून दिला जात असे. विद्यार्थी शिकून कमावता झाला की त्याने तो परत करायचा, म्हणजे त्याच पैशावर दुसरा विद्यार्थी जाऊ शकेल. घेणाऱ्याची मान ताठ राहते आणि निधी आटत नाही. एका विहिरीचे पाणी पुन्हा त्याच विहिरीत सोडण्यासारखा हा हिशेब होता.

पहिल्या निवडीत दोन महिला डॉक्टर होत्या, हे मुद्दाम सांगावेसे वाटते. फ्रेनी कामा या एक आणि कोल्हापूरच्या कृष्णाबाई केळवकर या दुसऱ्या. मुलींनी शाळेत जावे की नाही यावर वर्तमानपत्रांतून वाद चालू होते, तेव्हाची ही गोष्ट. पुढच्या काळात या निधीच्या आधारे शिकलेल्यांत अणुशास्त्रज्ञ राजा रामण्णा आहेत, राष्ट्रपती झालेले के. आर. नारायणन आहेत, आणि कोल्हापुरात जन्मलेले जयंत नारळीकर आहेत. नारळीकर १९५७ साली केंब्रिजला गेले आणि जगद्विख्यात होऊन परत आले. १९८८ साली पुण्यात खगोलविज्ञानाचे ‘आयुका’ हे केंद्र त्यांनी उभे केले. २०२५ साली पुण्यातच त्यांचे निधन झाले. हा निधी आजही चालू आहे.

तीस लाखांचे स्वप्न

परंतु परदेशी जाऊन जाऊन किती विद्यार्थी जाणार? पदवीनंतरचे शिक्षण आणि संशोधन आपल्याच भूमीवर झाले पाहिजे, या निष्कर्षावर जमशेटजी आले. त्यांनी बर्जोरजी पादशहा या विद्वान सहकाऱ्याला युरोप-अमेरिकेत पाठवून तेथील विद्यापीठांची पाहणी करवली. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने पदवीनंतरच्या संशोधनाला जे स्थान दिले होते, ते पादशहांच्या मनात भरले. १८९८ साली जमशेटजींनी अशा संस्थेसाठी तीस लाख रुपये किमतीची मालमत्ता देऊ केली. तीत मुंबईतील त्यांच्या इमारती व जमिनी होत्या. त्या काळचे तीस लाख म्हणजे केवढी रक्कम, याचा अंदाज असा करा, की एम्प्रेस मिलच्या कंपनीचे आरंभीचे भांडवल पंधरा लाख होते.

३१ डिसेंबर १८९८ रोजी योजनेचे शिष्टमंडळ नियोजित व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन यांना मुंबईत भेटले. कर्झन आदल्याच दिवशी बोटीतून उतरले होते. त्यांनी दोन शंका काढल्या. इतक्या उच्च शिक्षणासाठी या देशात विद्यार्थी मिळतील काय? आणि मिळाले तरी शिकून बाहेर पडल्यावर त्यांना काम कोण देणार?

वाचकहो, आपल्या घरातील वडिलांची शंका आणि ही शंका यांत काही फरक आहे काय?

शंका निराधार नव्हती. देशात उद्योग थोडे होते. संशोधन करणाऱ्याला जागा कोठे होती? जमशेटजींचे उत्तर त्यांच्या एकूण कामावरून समजते. ते केवळ संस्था काढत नव्हते. पोलाद कारखान्यासाठी लोखंडाच्या खाणींचा शोध त्यांनी चालवला होता. सह्याद्रीच्या माथ्यावर पडणारे पावसाचे पाणी अडवून मुंबईला वीज पुरवण्याची योजना ते मनात बाळगून होते. शिकलेला माणूस आणि त्याला लागणारे काम, दोन्ही एकाच वेळी निर्माण करायचे, असा त्यांचा बेत होता. पहिल्याची वाट पाहत दुसरे थांबवले, तर दोन्ही कधीच होत नाहीत.

सरकारी कारभार मंद चालला. १९०० च्या अखेरीस विख्यात रसायनशास्त्रज्ञ विल्यम रॅम्से इंग्लंडहून पाहणीसाठी आले आणि त्यांनी बंगळूरची शिफारस केली. मग दुसरी समिती नेमली गेली. अहवाल, टिपणे, पत्रव्यवहार यांत वर्षे गेली. या काळात जमशेटजींनी मुंबईत ताजमहाल हॉटेल उभे केले, ते १९०३ साली उघडले. पण प्रकृती ढासळत चालली होती. १९ मे १९०४ रोजी जर्मनीतील बाड नाउहाइम येथे त्यांचे निधन झाले. संस्था, पोलाद आणि वीज यांपैकी एकही स्वप्न त्यांना पुरे झालेले पाहता आले नाही.

दोराबजी व रतनजी या दोन्ही मुलांनी मात्र वडिलांचा शब्द मोडला नाही. देऊ केलेली मालमत्ता त्यांनी संस्थेसाठी राखून ठेवली. म्हैसूर संस्थानाने बंगळूरला सुमारे ३७१ एकर जमीन, इमारतींसाठी पाच लाख रुपये आणि शिवाय वार्षिक मदत दिली. १९०९ साली सरकारी मंजुरी आली आणि जुलै १९११ मध्ये इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये पहिले विद्यार्थी दाखल झाले. आरंभ रसायनशास्त्र आणि विद्युत-तंत्रशास्त्र यांपासून झाला. बंगळूरचे लोक तिला आपले सरळ ‘टाटा इन्स्टिट्यूट’ म्हणू लागले. जमशेदपूरचे पोलाद १९१२ साली तयार झाले. लोणावळ्याजवळ साठवलेल्या पाण्यावर खोपोलीत तयार झालेली वीज १९१५ साली मुंबईला पोहोचली. कर्झनच्या दोन्ही शंकांना उत्तर मिळाले, पण विचारणारा हिंदुस्थान सोडून गेला होता आणि उत्तर देणारा हयात नव्हता.

एका मुलीची गोष्ट

संस्था झाली म्हणजे सर्वांना आपोआप प्रवेश मिळाला असे नाही. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झालेली कमला भागवत ही मुलगी बंगळूरला गेली. तिचे वडील आणि चुलते याच संस्थेत शिकलेले रसायनशास्त्रज्ञ. संचालक होते सर चंद्रशेखर व्यंकट रामन. मुलगी आहे म्हणून त्यांनी प्रवेश नाकारला. कमला परत फिरली नाही. शेवटी एक वर्ष पारखून पाहण्याच्या अटीवर तिला घेण्यात आले. वर्षभरात तिने असे काम केले, की रामन यांना आपले मत बदलावे लागले आणि पुढे मुलींना संस्थेचे दार उघडले. कमला पुढे केंब्रिजला गेली आणि १९३९ साली पीएच.डी. मिळवून विज्ञानात ती पदवी मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रियांपैकी एक ठरली. याच त्या कमला सोहोनी.

मुलीच्या पुढील शिक्षणाचा विषय निघाला की आपल्याकडे आवाज खाली येतो. त्या वेळी कृष्णाबाईंची आणि कमलाबाईंची आठवण ठेवावी. दोघींच्याही मागे घरातले कोणीतरी उभे होते. त्या माणसाशिवाय हे घडले नसते.

आपल्यासाठी काय?

मोशीपासून काही किलोमीटरवर पिंपरी-चिंचवडमध्ये १९६६ साली टेल्कोचा कारखाना आला, ज्याला २००३ पासून आपण टाटा मोटर्स म्हणतो. जमशेटजींना जाऊन तेव्हा बासष्ट वर्षे झाली होती. या कारखान्यांच्या आधाराने आपली वस्ती वाढली. तीन शिफ्टचे काम करून अनेक पालकांनी मुलांना पदवीपर्यंत आणले. हे लहानसहान यश नाही. पण कारखाना चालवणे ही एक पायरी आणि कारखान्यात काय बनावे हे ठरवणे ही दुसरी. बॅटरी कशी असावी, इंजिन कसे असावे, कोणता धातू वापरावा, हे ठरवणारी मुले पदवीच्या पुढे शिकलेली असतात. आपली मुले तेथे का नसावीत?

पैशाचा प्रश्न खरा आहे, म्हणून माहिती नीट करून घ्यावी. बी.ई.च्या तिसऱ्या वर्षापासून ‘गेट’ परीक्षा देता येते. त्या गुणांवर एम.टेक.ला प्रवेश मिळाल्यास विद्यार्थ्याला दरमहा १२,४०० रुपये विद्यावेतन मिळते. बी.एस्सी. झालेल्यांसाठी ‘जॅम’ ही परीक्षा आहे. तिच्यातून आय.आय.टी.त एम.एस्सी.ला आणि बंगळूरच्या संस्थेत थेट पीएच.डी.पर्यंतच्या अभ्यासक्रमाला वाट जाते. संशोधन करणाऱ्या कनिष्ठ छात्राला २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये मिळतात. अल्पसंख्याक संशोधकांसाठी असलेली मौलाना आझाद शिष्यवृत्ती २०२२ साली बंद झाली, हे दुःखाचे आहे. पण त्यामुळे बाकीची दारे बंद झालेली नाहीत. आणि संशोधनासाठी दर वेळी दूर जावे लागते असेही नाही. पाषाणची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि ‘आयसर’ मोशीहून बसने गाठता येण्याजोग्या अंतरावर आहेत.

तेव्हा पालकहो, मुलाने पुढे शिकतो म्हटले की लगेच नाही म्हणू नका. कोणती परीक्षा, किती वर्षे, विद्यावेतन किती, हे त्याला कागदावर मांडायला सांगा. हिशेब जमत असेल तर दोन वर्षे सोसा. नसरवानजींनी सोसले होते.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हीही वडिलांच्या चिंतेला जुनाट म्हणून हसू नका. व्हाइसरॉयलाही तीच चिंता होती. तुमची तयारी हेच तिचे उत्तर आहे. मोघम स्वप्न सांगू नका, तारखा आणि आकडे सांगा.

आणि ज्यांना आपल्या समाजाने, शाळेने, शेजाऱ्याने कधीकाळी फीसाठी हात दिला व जे आज चांगल्या पगारावर आहेत, त्यांना एकच विनंती. जमशेटजींच्या निधीचा नियम आठवा. घेतलेले परत करायचे, कारण रांगेत पुढचा विद्यार्थी उभा आहे. पैसे देता आले तर पैसे द्या. ते शक्य नसेल तर रविवारी दोन तास गणित शिकवा, अर्ज भरायला मदत करा, एखाद्या मुलाला आपल्या कारखान्याची चाचणीशाळा दाखवून आणा.

जमशेटजींनी लावलेल्या झाडाची फळे त्यांनी स्वतः चाखली नाहीत. आपण ती खात आहोत. आता आपल्या हातून एखादे रोप लागावे, एवढीच अपेक्षा.